घरी आला की तबला उतरतो : पावसाळ्यातली नेहमीची तक्रार

जून ते सप्टेंबर या काळात मला येणारे पुष्कळसे फोन एकाच वाक्याने सुरू होतात : "सर, तबला पुन्हा उतरला", म्हणजे त्याचा सूर खाली आला. मी पुण्यात सदाशिव पेठेत नवशिक्या मुलांना आणि काही हौशी प्रौढांना तबला शिकवतो. मी कारागीर नाही. परंतु विद्यार्थ्यांचे तबले लावून देणे हे शिकवण्याच्या कामाबरोबर ओघानेच येते, आणि ही एकच तक्रार इतक्या घरांत, इतक्या वेळा हाताळली आहे की काय आधी पाहायचे आणि काय नंतर, याचा क्रम आता हाताला बसला आहे. तो क्रम येथे मांडतो. येथे 'तबला' म्हणजे उजव्या हाताचा तबला. डाव्या हाताच्या डग्ग्याचा प्रश्न वेगळा आहे आणि त्याबद्दल शेवटी दोन ओळी लिहिल्या आहेत.

प्रथम लक्षणे. पालक सर्वांनाच 'उतरला' म्हणतात, पण त्या एका शब्दात निरनिराळ्या गोष्टी दडलेल्या असतात :

- वर्गात काळी एकमध्ये (हार्मोनियमच्या पहिल्या काळ्या पट्टीच्या सुरात) लावलेला तबला घरी पोहोचेपर्यंत पाव ते अर्धा सूर खाली येतो, मात्र सगळीकडून सारखाच खाली येतो.
- चाटेवर (तोंडाच्या कडेच्या कातड्याच्या पट्ट्यावर) एका ठिकाणी 'ना' हा बोल वाजवला तर एक सूर येतो आणि तबला थोडा फिरवून वाजवला तर दुसराच.
- 'ना' ठीक वाजतो, पण 'तीं' हा बोल वाजवला की आस (नादाचा लांबत जाणारा गुंजारव) राहत नाही, किंवा नादात झणझण मिसळते.
- गट्टे (बाजूचे लाकडी ठोकळे) कितीही ठोकले तरी सूर चढत नाही. किंवा चढतो आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा जागच्या जागी येतो.

यांपैकी आपले लक्षण कोणते, हे हातोडी उचलण्यापूर्वी ठरवावे. पहिले लक्षण बहुतेक वेळा हवेचे असते, दुसरे लावण्याचे, तिसरे शाईचे (तोंडाच्या मधल्या काळ्या गोलाचे) किंवा हाताचे आणि चौथे वादीचे (तोंड ताणून धरणाऱ्या चामड्याच्या पट्टीचे).

सर्वांत आधी, ज्या सुराशी आपण तबला ताडून पाहतो आहोत तो सूर तपासावा. हे फुकट आहे आणि दोन मिनिटांत होते. हल्ली घरोघरी मोबाइलवर तानपुऱ्याचे ॲप असते, त्यात सुरांची नावे पाश्चात्त्य पद्धतीने दिलेली असतात आणि मुलाला वर्गात 'काळी एक' एवढेच माहीत असते. काळी एक म्हणजे सी शार्प आणि पांढरी दोन म्हणजे डी. या दोघांत गल्लत झाली की तबला अर्ध्या सुराने उतरलेला वाटणारच. वारज्याच्या एका घरी मी गेलो तेव्हा आठवीतला मुलगा अर्धा तास गट्टे ठोकून घामाघूम झाला होता. तबला जवळपास बरोबर होता. धाकट्या बहिणीने ॲपमधली सूर बारीक चढवण्या-उतरवण्याची पट्टी सरकवून ठेवली होती आणि ती कोणाच्याही लक्षात आली नव्हती. घरातली आजोबांच्या काळची पेटी (हार्मोनियम) असेल तर तिच्यावरही डोळे झाकून विसंबू नये, कारण पुष्कळ जुन्या पेट्या आजच्या ४४० हर्ट्झच्या मानापेक्षा चढ्या असतात. वर्गातील सूर आणि घरातील सूर एकच असल्याची खात्री होईपर्यंत तबल्याला हात लावू नये.

याच वेळी तबल्याचे तोंड मोजपट्टीने मोजून घ्यावे. साधारणपणे साडेपाच इंची तोंडाचा तबला काळी एकच्या आसपास सुखाने बोलतो, सव्वापाच इंची पांढरी दोन-काळी दोनकडे जातो आणि सहा इंची तबला खाली पांढरी सहा ते पांढरी सात या पट्ट्यात चांगला वाजतो. ताईच्या गाण्याची पट्टी काळी चार म्हणून घरातला साडेपाच इंची तबला तेथवर खाली आणण्याचा, किंवा सहा इंची तबला दादाच्या काळी दोनपर्यंत चढवण्याचा प्रयत्न मी पाहिलेला आहे. पहिल्यात नाद मरतो आणि दुसऱ्यात पुडी (तोंडावरचे कातडे) जाते. असा तबला उतरत नसतो. त्याच्याकडून चुकीची अपेक्षा केलेली असते.

दुसरी तपासणी हवेची आणि जागेची. पुडी बकऱ्याच्या कातड्याची असते. कातडे दमट हवेतील पाणी शोषते, सैल पडते आणि सूर खाली येतो. कोरड्या हवेत तेच कातडे आकसते आणि सूर चढतो. जुलै-ऑगस्टमध्ये पुण्याच्या हवेतील आर्द्रता अनेकदा ८० टक्क्यांच्या वर असते आणि एप्रिलच्या दुपारी ती कोठल्या कोठे खाली जाते. तेव्हा एकच तबला वर्षभर एकाच ठोकणीवर राहील ही आशा व्यर्थ आहे. त्यातही घरात जागा कोणती, याला महत्त्व आहे. ओल आलेल्या भिंतीला टेकवून, फरशीवर थेट, किंवा जेथे दोरीवर कपडे वाळत घातले आहेत त्या खोलीत ठेवलेला तबला रोज उतरेल. दुचाकीवरून रेनकोटच्या आत धरून आणलेल्या तबल्याची पिशवी वरून कोरडी दिसली तरी आतली हवा दमटच असते.

म्हणून घरी आल्यावर तबला पिशवीतून बाहेर काढावा, सुती कापडाने तोंड कोरडे पुसावे आणि पंख्याच्या थेट झोतापासून दूर पंधरा-वीस मिनिटे तसाच राहू द्यावा. त्यानंतर सूर पाहावा. एवढ्याने पुरेसा चढला नाही तर जुना पिवळा, तापणारा चाळीस वॅटचा बल्ब हातभर अंतरावर दहा मिनिटे लावून पाहावा (एलईडीच्या दिव्याला ऊब नसते, त्याच्यासमोर तबला ठेवून तासभर वाट पाहिलेले एक काका मला माहीत आहेत). केस वाळवण्याचे यंत्र, गॅसची शेगडी किंवा तवा यांच्याजवळ तबला नेऊ नये. कातडे झपाट्याने आकसते, त्यावर चढवलेली शाई तितक्या वेगाने आकसत नाही आणि दोघांमधला सांधा सुटतो. पावडरही बेतानेच वापरावी. बोटांना लागेल तेवढी पुरते. मूठभर टाकलेली पावडर चाटेच्या कडेखाली आणि शाईच्या भेगांत जाऊन बसते आणि दमट हवेत तिचा लगदा होतो.

येथपर्यंत पैसे खर्च झालेले नाहीत आणि काही बिघडण्याचा धोकाही नव्हता. यापुढे हातोडी येते, म्हणून त्याआधी दोन लहान गोष्टी उरकाव्यात. तबला ज्या रिंगवर बसतो ती दबून एका बाजूला कलली आहे का, ते पाहावे. आणि मुलाऐवजी दुसऱ्या जाणत्या माणसाने वाजवून पाहावे. नवशिक्याची अनामिका शाईच्या कडेवर हलकी टेकण्याऐवजी दाबून बसते किंवा तळव्याचा भार पुडीवर पडतो, आणि मग 'तीं'ची आस तुटते. जाणत्या हाताखाली तबला बोलत असेल तर दुरुस्ती तबल्याची नाही, बैठकीची आहे, आणि ती पुढच्या तासाला होईल.

आता घरे तपासणे. हा या लेखातील सर्वांत महत्त्वाचा भाग आहे आणि येथेच सर्वाधिक चुका होतात. पुडीच्या कडेला विणलेल्या गजऱ्यातून वादी खाली बुडाशी असलेल्या कड्यापर्यंत जाते आणि परत वर येते. अशी गजऱ्याच्या भोवती १६ घरे होतात, आणि वादीखाली साधारणतः ८ गट्टे असतात. तबला स्वतःभोवती फिरवत प्रत्येक घरासमोर चाटेवर 'ना' वाजवावा आणि खडूने खूण करत जावे : जेथे सूर खाली तेथे एक रेघ, जेथे चढा तेथे फुली. संपूर्ण फेरी होईपर्यंत काहीही ठोकू नये. उतरलेले घर कानाला ओळखू येते. बाकीची घरे 'टन्न' बोलत असताना ते मध्येच 'टण्' असे बोथट बोलते, जणू कोणी वर कापड टाकले आहे.

फेरी झाल्यावर गजऱ्याची उंची पाहावी. गजऱ्यापासून लाकडाच्या काठापर्यंतचे अंतर अंगठ्याच्या रुंदीने चारही बाजूंनी मोजावे. एका बाजूला गजरा खाली गेलेला आणि समोरच्या बाजूला वर राहिलेला असेल, तर पूर्वी कोणीतरी एकच घर ठोकत राहिले आहे. ही चूक विद्यार्थी तर करतातच, पण उत्साही पालक अधिक करतात. एक घर उतरलेले सापडले की त्याच्यावरच दहा-बारा ठोके पडतात. ते घर चढते, परंतु वादी सलग असल्यामुळे शेजारच्या घरांचा ताण बदलतो आणि समोरचे घरही आपल्या जागेवर राहत नाही. मग ते ठोकले जाते. अशा पाठशिवणीच्या खेळात पुडी तिरकी बसते आणि नंतर कोणत्याही उपायाने १६ घरांत एक सूर येत नाही.

योग्य पद्धत सावकाशीची आहे. सूर अर्ध्याहून अधिक खाली असेल तर आधी गट्टे घ्यावेत, आणि तेही समोरासमोरच्या जोडीने : एकाला दोन ठोके, मग त्याच्या समोरच्याला दोन, मग काटकोनातल्या दोघांना. गट्टा खाली सरकला की सूर चढतो, कारण तबल्याचे लाकडी खोड वरून खाली फुगत जाते आणि वादी अधिक ओढली जाते. सूर जवळ आला की गट्टे सोडून द्यावेत आणि गजऱ्यावर यावे. गजऱ्यावर वरून हलका ठोका दिला की ते घर चढते. खालून वर ठोका दिला की उतरते. हातोडी मनगटातून चालवावी, दंडातून नव्हे, आणि तिचे तोंड चाटेवर घसरणार नाही अशा बेताने कोन धरावा. प्रत्येक ठोक्यानंतर वाजवून ऐकावे. उतरलेल्या घराला वरून ठोका देताना चढ्या घराला खालून एक ठोका द्यावा, म्हणजे सगळा ताण वरच्याच दिशेने जात नाही. तीन फेऱ्यांत घरे जुळली नाहीत तर थांबावे. चौथ्या फेरीत सहसा सूर न जुळता काहीतरी बिघडते.

पावसाळ्याबद्दल थोडे अधिक लिहायला हवे, कारण माझ्या अनुभवात पुड्या फाटतात त्या पावसाळ्यात नव्हे, पावसाळ्यानंतर. ऑगस्टमध्ये गणेशोत्सवाच्या कार्यक्रमासाठी तबला ठोकून ठोकून काळी एकला आणलेला असतो. कातडे त्या वेळी ओले आणि सैल असल्यामुळे गट्टे खूप खाली गेलेले असतात. कार्यक्रम संपतो, तबला कपाटात जातो. ऑक्टोबरची उष्णता सुरू होते, कातडे आकसू लागते, पण गट्टे तेथेच असतात. ताण वाढत जातो आणि एखाद्या रात्री कपाटातून फाटकन आवाज येतो. घरचे उंदीर समजतात. सकाळी पाहावे तर पुडी चाटेपाशी उभी चिरलेली असते. अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या संगीत परीक्षांचे हिवाळी सत्र नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये असते. म्हणजे नेमक्या परीक्षेच्या तोंडावर विद्यार्थी तबल्यावाचून बसतो.

त्यामुळे माझा नियम असा आहे की पावसाळ्यात सुराच्या मागे धावू नये, सुरालाच खाली बोलवावे. ॲपमध्ये काळी एकऐवजी पांढरी एक लावावी आणि तबला जेथे सहज राहतो तेथे रियाज करावा. नवशिक्याला कायदा आणि तिहाई (तबल्याच्या ठरावीक रचना) पांढरी एकमध्ये तितकीच चांगली बसते. घरे मात्र एकमेकांशी जुळलेली असावीत. कान तयार होतो तो त्या जुळण्याने, पट्टीच्या नावाने नव्हे. कार्यक्रमापुरता सूर चढवावाच लागला तर त्याच रात्री प्रत्येक गट्टा खालून ठोकून होता तेथे परत न्यावा. नवरात्राच्या सुमारास, हवा कोरडी होऊ लागली की, तबला न वाजवताही आठवड्यातून एकदा बाहेर काढून सूर पाहावा आणि चढलेला असेल तर गट्टे थोडे वर घ्यावेत. काही जाणकारांना हे अतिसावध वाटते. फाटलेल्या पुड्या मी मोजलेल्या आहेत, त्यांनी मोजलेल्या नसाव्यात.

यापुढील तपासण्या पाहण्यापुरत्या आहेत, करण्यासाठी नाहीत.

गट्टे खोडाच्या फुगवट्यापर्यंत किंवा त्याच्याही खाली पोहोचले असतील आणि तरी सूर चढत नसेल, तर वादी ताणून लांब झालेली आहे. फुगवट्याखाली खोड पुन्हा अरुंद होते, त्यामुळे तेथे गट्टा कितीही ठोकला तरी ताण वाढत नाही. जाड गट्टे घालून काही दिवस निभावते, पण खरा उपाय वादी ओढून घेणे हा आहे. त्यासाठी पुरे बळ, योग्य अवजार आणि क्रमाची जाण लागते. वादी हाताला कापते, हे मी स्वतःच्या तळहातावरून सांगू शकतो. नवी पुडी बसवण्यापेक्षा हे काम पुष्कळ स्वस्त असते, म्हणून लवकर करून घेण्यातच फायदा आहे.

सोळाही घरांत 'ना' एक बोलतो आणि तरीही 'तीं'मध्ये दोन सूर ऐकू येतात किंवा झणझण येते, तेव्हा दृष्टी शाईकडे वळवावी. शाईवर बारीक भेगांची जाळी असणे हा दोष नव्हे. ती मुद्दाम घोटून तयार केलेली असते, म्हणूनच शाई पुडीबरोबर लवचिक राहते. दोष असतो तो कण सुटण्यात. पातळ कागदाची पट्टी शाईच्या कडेवरून अलगद फिरवावी. ती कोठे आत शिरली तर तेथे शाई उचललेली आहे. बोट फिरवल्यावर काळे खडे हाताला लागले तर तीच गोष्ट. शाईचे महत्त्व केवळ परंपरेचे नाही. साध्या ताणलेल्या गोल पडद्याचे वरचे स्वर मूळ स्वराच्या १.५९, २.१४, २.३० अशा अपूर्ण पटींत येतात आणि म्हणून साधा ढोल 'सुरात' बोलत नाही. शाईच्या वजनाने हे स्वर जवळपास पूर्ण पटींत येतात, हे चंद्रशेखर वेंकट रामन यांनी १९२० साली 'नेचर'मध्ये आणि पुढे १९३४च्या लेखात दाखवले. शाईचा एका बाजूचा तुकडा गेला की हा तोल मोडतो, आणि तो कडेच्या ठोकण्याने परत येत नाही. तेथे फेव्हिकॉल, नेलपॉलिश किंवा झटपट चिकटणारा गोंद लावू नये. गोंद वाळून कडक होतो, शाईची लवचिकता जाते, आणि नंतर कारागिरालाही ती शाई वाचवता येत नाही.

खोडही पाहून घ्यावे. तबला उलटा करून कागदावर ठेवला आणि दुसऱ्या दिवशी कागदावर लाकडाची पिवळसर भुकटी दिसली तर कीड लागली आहे. उभी चीर असेल तर नखाने तिची खोली पाहावी. वरच्या काठापर्यंत गेलेली चीर असलेला तबला सूर धरत नाही.

तेव्हा हातोडी खाली ठेवून कारागिराकडे जाण्याच्या वेळा अशा : गट्ट्यांना खाली जागा उरलेली नाही, चाटेवर केसाएवढीही चीर आहे, शाई उचलली आहे, वादी किंवा गजऱ्याचा एखादा पदर तुटला आहे, खोड चिरले किंवा किडले आहे, अथवा तीन फेऱ्यांनंतरही घरे जुळत नाहीत. तुटलेल्या वादीला गाठ मारून 'परीक्षेपुरते' वाजवू नये, कारण ती गाठ सुटते तेव्हा संपूर्ण ताण एका बाजूला जातो आणि वादीच्या खर्चात पुडीचा खर्च मिळवला जातो.

डग्ग्याबाबत इतकेच की त्याला ठराविक सूर नसतो, त्यामुळे तो 'उतरला' म्हणून ठोकू नये. घुमारा नाहीसा झाला असेल किंवा शाईपाशी फाटले असेल तरच तो दाखवावा.

बुधवार पेठ आणि लक्ष्मी रस्त्याच्या आसपास वाद्यांची दुकाने आहेत, आणि पेठांतून घरी काम करणारे कारागीरही आहेत. कोणाकडेही जाताना तबला एकटा देऊन येऊ नये. कोणत्या पट्टीत हवा आहे ते आधी सांगावे, तयार पुडी बसवणार की स्वतः केलेली, आणि जुनी वादी चालेल की बदलावी लागेल, हे विचारावे. दोन्ही उत्तरांनुसार खर्च बराच बदलतो. तयार झाल्यावर तेथेच बसून सोळाही घरे वाजवून घ्यावीत. कारागिराला याचा राग येत नाही. आलाच तर दुसरा शोधावा. परीक्षा आठ दिवसांवर असेल तर नवी पुडी बसवून घेऊ नये, वर्गातला किंवा मित्राचा तबला मागून न्यावा. नवी पुडी पहिले काही दिवस ताणत राहते, रोज थोडी उतरते, आणि ती बसेपर्यंत रोज घरे जुळवावी लागतात. या काळात ती उतरणे हा बिघाड नव्हे.

जुनी पुडी मात्र परत मागून घ्यावी. ती उलटी धरून मुलाला दाखवली की चाटेचे कातडे कोठे संपते, लवेचे (चाट आणि शाई यांच्यामधल्या भागाचे) कोठे सुरू होते आणि शाई किती थरांची आहे, हे त्याला बोटाने चाचपता येते. माझ्या वर्गातल्या खिळ्याला अशा चार पुड्या टांगलेल्या आहेत, आणि त्यांपैकी तीन ऑक्टोबरमध्ये फाटलेल्या आहेत.